एकाच संगणकावर खेळ आणि चित्रण

डोंबिवलीच्या पूर्वेकडील एखाद्या जुन्या इमारतींतील दोन खोल्यांचें बिऱ्हाड डोळ्यांपुढें आणावें. घरांत संगणक एकच. दिवसा त्यावर वडिलांचें हिशेबाचें काम चालतें. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मुलगा त्यावर खेळ खेळतो, आणि खेळतां खेळतां त्याचें चित्रण करून, मराठींत निवेदन जोडून, तें लोकांपुढें ठेवतो. खेळतांना सर्व कांहीं सुरळीत चालतें. पण मागाहून चित्रण उघडून पाहावें, तों धांवणारा वीर अडखळत, ठेचाळत चाललेला दिसतो. मित्र सांगतात कीं, दुसरा संगणक घेतल्यावांचून हें जमावयाचें नाहीं. वडील गप्प बसतात. मुलाच्या महाविद्यालयाची फी अजून भरावयाची असते.

हा दुसरा संगणक खरोखर लागतो काय? पुष्कळ घरीं तो लागत नाहीं.

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची रांग, हें तत्त्व जुनेंच आहे. १९१३ सालचा दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हातानें फिरवावयाच्या कॅमेऱ्यावर घेतला गेला. अशा कॅमेऱ्याचा दांडा फिरविणारा हात अडखळला कीं पडद्यावरची चालहि बिघडे. आज दांडा राहिला नाहीं, हिशेब मात्र तोच आहे. सेकंदाला साठ चित्रें टिपावयाचीं तर एका चित्राच्या वांट्यास साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित् अधिक वेळ येतो. तेवढ्यांत खेळाचें दृश्य रेखाटावयाचें, त्याची प्रत घ्यावयाची, आणि ती दाबून लहान करून साठवावयाची. १९२० रुंद व १०८० उंच अशा एका चित्रांत वीस लक्षांहून अधिक ठिपके असतात. न दाबतां तीं तशींच साठवूं म्हटलें तर दर सेकंदाला सुमारें ३७ कोटी बाइट होतील! हें दाबण्याचें काम जो करतो त्यास एन्कोडर म्हणतात.

अडथळा कोठें येतो, हें ठाणें-कल्याणच्या मंडळींना समजावून सांगणें फारसें कठीण नाहीं. ठाणें व दिवा यांच्या दरम्यान लांब पल्ल्याच्या गाड्यांना आणि जलद लोकलना वर्षानुवर्षें त्याच रुळांवरून जावें लागे. मेल पुढें काढावयाची म्हणून लोकल सिग्नलपाशीं उभी, हा अनुभव कोणास नाहीं? १८ फेब्रुवारी २०२२ रोजीं तेथील पांचव्या व सहाव्या मार्गिकेचें उद्घाटन झालें, आणि दूरच्या गाड्यांसाठीं निराळी वाट झाली. (त्यामुळें सगळ्या लोकल वेळेवर येऊं लागल्या असें कोणी प्रवासी म्हणणार नाहीं, पण तो विषय वेगळा.)

संगणकांतहि अशी निराळी वाट असते. इंटेलनें २०११ मध्यें आणि एन्व्हिडियानें २०१२ मध्यें आपल्या चिपांवर केवळ चित्रें दाबण्यासाठीं स्वतंत्र मंडल बसविलें. ओबीएस स्टुडिओ या विनामूल्य साधनांत ‘एक्स-२६४’ निवडलेला असेल तर दाबण्याचा सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, आणि खेळालाहि तोच प्रोसेसर हवा असतो. त्याऐवजीं ‘क्विक सिंक’ किंवा ‘एन्व्हेंक’ निवडला कीं तो भार त्या स्वतंत्र मंडलाकडे जातो.

येथपर्यंतची माहिती मित्रमंडळींना असते. एवढें करूनहि चित्र अडखळतें तेव्हां तीं हात टेंकतात आणि दुसऱ्या संगणकाचा सल्ला देतात. खरी मेख पुढें आहे. दाबण्यापूर्वीं प्रत्येक चित्र जुळवावें लागतें, व ही जुळणी खेळ रेखाटणाऱ्या त्याच ग्राफिक्स कार्डावर होते. खेळानें तें कार्ड पूर्णपणें अडविलें असेल तर सहावी मार्गिका मोकळी असून उपयोग काय? गाडी यार्डांतूनच निघत नाहीं.

ओबीएसमध्यें आंकडेवारीची एक खिडकी असते. ती चित्रणाच्या वेळीं उघडी ठेवावी. तींत जुळणींत हुकलेलीं चित्रें आणि दाबण्यांत गळालेलीं चित्रें निरनिराळीं मोजलेलीं दिसतात. गळालेल्यांचा आंकडा वाढला तर एन्कोडर बदलावा. हुकलेल्यांचा वाढला तर एन्कोडरशीं झगडणें व्यर्थ. तेथें खेळालाच लगाम घातला पाहिजे. चित्रण साठाचें असतां खेळ एकशें दहा चित्रें काढीत असेल, तर वरचीं पन्नास चित्रणाच्या कामाचीं नसतात. खेळाच्या मांडणींत साठाची मर्यादा घालावी, सावल्या व प्रतिबिंबें कमी करावीं, आणि विंडोजवर ओबीएस प्रशासकाच्या अधिकारानें सुरू करावें, म्हणजे ग्राफिक्स कार्डापाशीं त्याचा क्रम आधीं लागतो.

दोन्ही आंकडे शून्य असूनहि दृश्य अडखळत असेल, तर तीच फाइल दुसऱ्या चांगल्या यंत्रावर लावून पाहावी. कधीं कधीं दोष दाखविणाऱ्या यंत्राचा असतो. खेळच सेकंदाला साठ चित्रें काढूं शकत नसेल तर चित्रण तीसवर आणावें. वैशाखांत गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापतो आणि जिवाच्या भीतीनें आपली गति आपणच कमी करतो. पहिलीं वीस मिनिटें नीट व मग बिघाड, असें झालें तर हाच संशय घ्यावा. पावसाळ्यांत मध्येंच वीज जाते, म्हणून फाइल एमकेव्ही प्रकारची ठेवावी. साधी एमपी-४ अर्धवट राहिली कीं बहुधा उघडतच नाहीं.

डोंबिवलीच्या त्या मुलानें आज रात्रीं एवढें करून दहा मिनिटांचें चित्रण घ्यावें. आंकडे हालले तर कोणता हालला तें वहींत लिहावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहावें. तरीहि न साधलें तर चित्र १२८० गुणिले ७२० करावें. त्यांत ठिपके निम्म्याहून कमी होतात, आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर पाहणाराला तो फरक फारसा जाणवत नाहीं.