किल्ली कोडमध्ये ठेवू नका

(धाराशिव इथं तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे.

शिकत असताना आम्ही मित्रांनी शिष्यवृत्तीच्या अर्जांना मदत करणारी एक छोटी वेबसाइट केली. कळंब, परंडा, उमरग्याची मुलंमुली त्यावर नाव, पत्ता, घरचं उत्पन्न, आधार क्रमांक भरायची. डेटाबेसचा पासवर्ड मी थेट कोडमध्ये लिहिला आणि तो कोड गिटहबवर सर्वांसाठी खुला टाकला. एका सीनियरनं रात्री फोन केला, "अरे, तुझा पासवर्ड उघडा पडलाय." मी ती ओळ पुसली आणि गप्प बसलो.

पण गिट जुनं विसरत नाही. ओळ पुसली तरी आधीच्या नोंदीत पासवर्ड तसाच राहतो. हे कळल्यावर दोन दिवसांनी मी पासवर्ड बदलला. तोवर कोण आत येऊन गेलं, ते मला आजही सांगता येत नाही, कारण त्याची नोंदच आम्ही ठेवली नव्हती. त्या मुलांना मी काहीच कळवलं नाही. ही माझी खरी चूक.

"आपल्या छोट्या यादीचं कोण काय करणार?" असं वाटेल. २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' आठवा. आपल्या बहिणींचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला, तोही गिटहबवरच. तिथं कुणी पासवर्ड चोरला नव्हता, फोटो उघड्यावरून घेतले होते. पण आपल्या माणसांची यादी चुकीच्या हातात गेली की काय होतं, ते आपण पाहिलं. मग पत्ते आणि आधार क्रमांक असलेली यादी किती जपायला हवी?

मोठ्या कंपन्याही इथं चुकतात. २०१६ मध्ये उबरच्या इंजिनिअरांच्या खासगी गिटहब कोडमध्ये हल्लेखोरांना क्लाउडच्या किल्ल्या सापडल्या. सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीनं हल्लेखोरांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण वर्षभर दाबलं. २०२२ मध्ये तिच्या माजी सुरक्षाप्रमुखाला अमेरिकेत दोषी ठरवलं गेलं, ते चोरीसाठी नाही, लपवण्यासाठी.

मग किल्ली ठेवायची कुठं? आमच्या घरी अम्मी बाहेर जाताना किल्ली चौकटीवर ठेवायची नाही, शेजारच्या खालांकडे द्यायची. खाला आम्हाला ओळखायच्या, म्हणून आम्हालाच द्यायच्या. दुसऱ्या कुणी मागितली तर अम्मीला सांगायच्या.

सॉफ्टवेअरमध्ये हे खालांचं काम हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट किंवा ॲमेझॉनचं सीक्रेट्स मॅनेजर करतं. त्यांच्याकडे जाऊन किल्ली मागणारा आपला कोड म्हणजे क्लायंट लायब्ररी. पायथनमध्ये व्हॉल्टसाठी 'एचव्हॅक' आहे, ॲमेझॉनसाठी 'बोटो३'. ॲप सुरू झालं की लायब्ररी आपली ओळख दाखवते, समोरचा परवानगी तपासतो आणि पासवर्ड देतो. तो फक्त मेमरीत राहतो. कोडमध्ये उरतं ते त्याचं नाव.

व्हॉल्ट आणखी एक करू शकतं. डेटाबेससाठी तात्पुरता पासवर्ड तयार करतं, समजा तासाभराचा. मुदत संपली की तो बाद. चालू ठेवायचा तर लायब्ररीमार्फत मुदत वाढवून घ्यायची. ऑडिटची सोय चालू ठेवली तर कोणी कधी काय मागितलं, त्याची नोंद राहते. ती नोंद माझ्याकडे असती, तर आज मी असा अंदाज करत बसलो नसतो.

कुणी विचारेल, ओळख दाखवायलाही पहिली किल्ली लागेलच ना? बरोबर. क्लाउडवर ॲप चालत असेल तर त्या मशीनलाच ओळख देता येते, वेगळा पासवर्ड लागत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर पहिली किल्ली अल्पमुदतीची आणि एकदाच चालणारी ठेवा.

लायब्ररी वापरूनही घोटाळे होतात. मिळालेला पासवर्ड लॉगमध्ये छापू नका. प्रत्येक विनंतीला नव्यानं मागू नका, थोडा वेळ मेमरीत ठेवा. व्हॉल्ट बंद पडलं तर थांबून पुन्हा विचारा, "असू दे अडीनडीला" म्हणून कोडमध्ये पासवर्ड लिहून ठेवू नका. आणि अर्ज वाचणाऱ्या ॲपला अर्ज पुसण्याची परवानगी देऊ नका.

कॉलेजच्या छोट्या प्रोजेक्टला एवढं नको वाटत असेल, तर निदान पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटमधून वगळा. सुरुवात म्हणून तेवढंही पुरे.

आज घरी गेल्यावर आपला जुना कोड उघडा. पासवर्ड सापडला तर आधी तो बदला, मग पुसा. आणि ज्यांची माहिती होती, त्यांना सांगा. आपल्यावर भरवसा ठेवून त्यांनी ती दिली होती. ती त्यांची अमानत आहे.