न दिसणारी डिस्क

जळगांव-धुळ्याकडे कापसाच्या वखारीची किल्ली वखारवाल्यापाशीं असते. नव्या मुनिमानें ओळखपत्र दाखविल्यावांचून त्याला दार उघडत नाहीं. संगणकांत डिस्क ही वखार, कंट्रोलर हा वखारवाला, नव्यानें बसवावयाची विंडोज हा मुनीम आणि ड्रायव्हर हें ओळखपत्र.

२००१ सालीं आलेली विंडोज एक्सपी बसवितांना नव्या धर्तीच्या कंट्रोलरसाठीं आरंभींच एफ-६ कळ दाबून हें पत्र फ्लॉपीवरून द्यावें लागे. २०२० सालीं आलेल्या इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत व्हीएमडी नांवाची योजना चालू असते. तेथें विंडोज बसवूं जातां एकहि डिस्क दिसत नाहीं.

म्हणून डिस्क बिघडली असें समजून लगेच नवी आणूं नये. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून स्टोरेज ड्रायव्हर घ्यावा, बांधलेली फाइल सोडवून आंतील आयएनएफ फाइलीसह सर्व फाइली पेनड्राइव्हवर ठेवाव्या आणि 'लोड ड्रायव्हर' निवडून त्या दाखवाव्या. एवढ्यानें बहुधा डिस्क दिसूं लागते. तरीहि न दिसल्यास मगच दुरुस्तीचा विचार करावा.

मात्र डिस्क दिसतांच ती पुसण्याची घाई नको. घरचे हिशेब व छायाचित्रें आधीं अन्यत्र उतरवून घ्यावीं. पुसलेलें पुन्हां मिळेलच असें नाहीं.