लंडीच्या थंड पाण्यात

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी लंडी नावाचं बेट आहे. लांबी जेमतेम 5 किलोमीटर, रुंदी एकाच्या आसपास. पाणी बोचरं, ऐन उन्हाळ्यातही फार तर 17-18 अंश. म्हणून पुष्कळ पाणबुडे अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट चढवतात.

खरा धाक थंडीचा नाही, प्रवाहाचा. या खाडीतली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. प्रवाह मंदावेपर्यंत बोटीतच बसून राहायचं. उतावळ्यांचं इथे काम नाही.

खाली गेलं की राखाडी सील जवळ येतात, पायातले फिन्स कुतूहलानं चावूनही बघतात. खडकांवर रंगीत कप-प्रवाळ असतात. 1906 मध्ये धुक्यात खडकावर आदळलेल्या ‘मॉन्टेग्यू’ या युद्धनौकेचे अवशेषही दिसतात.

2003 मध्ये बेटाच्या पूर्वेकडच्या एका पट्ट्यात मासेमारी पूर्ण बंद झाली. आपल्या शेवंडीचे भाऊबंद, पण दणकट नांग्यांचे लॉबस्टर तिथे संख्येनं वाढले आणि आकारानंही. मग संशोधकांना जखमी लॉबस्टरही जास्त आढळू लागले. गर्दी झाली, भांडणं वाढली असावीत!