मराठीचं बक्षीस शेवटी नको
(सीमाभागातील एका हायस्कूलच्या बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मुलांनो, मी धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याची. बोलताना मध्येच 'मतलब' आणि 'अच्छा' येईल, सांभाळून घ्या. नातं तसं जुनंच आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये आमच्याकडे देवासला आले आणि तिथलेच झाले.

२९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्याजवळ चिमाजी अप्पांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. पुढे धार-देवासला पवारांची राज्यं झाली. हे सगळं मी शाळेत शिकले, पण हिंदीतून. मराठी फक्त स्वयंपाकघरात. आजीला पत्र लिहायला बसले की 'ळ' कुठे आणि 'ल' कुठे, तेच कळायचं नाही. मराठीचा पेपर मी आयुष्यात कधी दिलाच नाही.

तुम्ही देता. कर्नाटकच्या दहावीत एकूण ६२५ गुण, त्यात पहिल्या भाषेला १२५, बाकी प्रत्येक विषयाला १००. मराठी शाळेत ती पहिली भाषा म्हणजे आपली मराठी! गणितवाल्याचं अभिनंदन आहेच, टाळ्याही जोरात पडल्या. पण मराठीत पहिल्या आलेल्या मुलीचं नाव पुकारलं तेव्हा निम्मे पालक चपला शोधत होते. मला ते लागलं.

सर, पुढच्या वर्षी हे बक्षीस सगळे बसलेले असताना द्या. आणि बाळ, तू जाऊ नकोस. वर्गात लिहिलेला एखादा निबंध मला वाचून दाखव.