कुलूप उघडून पाहण्याचा हक्क

(एका अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



ज्याचे सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले, त्याने संगणकाच्या चिपविषयी बोलावे याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु चिप ही आता केवळ अभियंत्यांची बाब राहिलेली नाही. प्रवासाचे कार्ड, कचेरीचा दरवाजा, बँकेचा व्यवहार, मोटारीची किल्ली या सर्वांत ती बसलेली आहे. आणि ती भरवशाची आहे की नाही हे वापरणाऱ्याला स्वतः पारखता येत नाही. विकणाऱ्याला सर्व ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच ठाऊक नाही अशी स्थिती जेथे असते, तेथे प्रश्न अर्थशास्त्राचाच असतो.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. गिऱ्हाइकाला मालाची प्रत पारखता येत नसेल, तर चांगल्या मालाला त्याचे मोल मिळत नाही आणि निकृष्ट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो. तरी जुनी मोटार एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवता येते. चिपच्या बाजारात हा मेकॅनिक कोण? रिव्हर्स इंजिनीअरिंग करणारा संशोधक, म्हणजे तयार वस्तू थरथर उलगडून तिची मूळ रचना शोधून काढणारा माणूस, हेच त्याचे उत्तर आहे. त्याला काम करू द्यायचे की न्यायालयात खेचायचे, हा आजचा माझा विषय आहे.

एक प्रत्यक्ष घडलेले प्रकरण सांगतो. ‘मायफेअर क्लासिक’ नावाची चिप १९९४ पासून बाजारात होती. लंडनच्या ऑयस्टर कार्डात ती होती, नेदरलँड्समधील ‘ओव्ही-चिपकार्ट’ या प्रवासी कार्डातही होती. फिलिप्समधून २००६ साली वेगळी झालेली एनएक्सपी ही तिची उत्पादक कंपनी. चिपमधील कूटपद्धती, ‘क्रिप्टो-१’, कंपनीने गुप्त ठेवली होती. किल्ली अवघी ४८ बिटांची. पण पद्धतच कोणाला ठाऊक नाही म्हणून ती सुरक्षित, असा एकूण हिशेब होता.

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिन येथील परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ या तरुण संशोधकांनी हा हिशेब चुकीचा ठरवला. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. कार्डाचे प्लॅस्टिक अॅसिटोनमध्ये विरघळवून सुमारे एक चौरस मिलिमीटरची चिप मोकळी केली. मग ती घासून एकेक थर उतरवला आणि पाचशे पट मोठे दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकातून प्रत्येक थराची छायाचित्रे घेतली. चिपमधील तर्कद्वारे सुमारे सत्तर प्रकारची. ती संगणकाच्या साहाय्याने ओळखून त्यांच्या जोडण्या माग काढत काढत लावल्या. कूटपद्धतीचा सारा भाग जेमतेम चारशे तर्कद्वारांचा निघाला. ज्या ‘यादृच्छिक’ अंकावर सुरक्षितता उभी, तो सोळा बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांपैकी एक; आणि चिपला वीज मिळून किती वेळ झाला यावरून तो आधीच ताडता येत होता! कोट्यवधी प्रवाशांच्या कार्डांचा पहारा इतका तकलादू होता.

पुढे २००८ साली नेदरलँड्समधील नायमेखन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळ्या मार्गाने त्याच दुबळेपणाचा छडा लावला. त्यांनी मार्चमध्येच शासनाला व कंपनीला कळवले. निबंध ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध व्हायचा होता. कंपनीने तो थांबवण्यासाठी न्यायालयाकडे धाव घेतली. १८ जुलै २००८ रोजी आर्नेम येथील न्यायालयाने बंदी नाकारली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार तर होताच. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा मुद्दा दुसराच. कंपनीचे नुकसान होणार असेल तर ते निबंधामुळे नव्हे, सदोष चिप बनवून विकल्यामुळे होईल, असा न्यायालयाचा आशय होता. दोष दाखवणारा आणि दोष करणारा यांतला भेद इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडला गेला असेल.

उलट उदाहरणही आहे. मोटारीची चोरी रोखणाऱ्या ‘मेगामोस क्रिप्टो’ या चिपच्या अभ्यासावर २०१३ साली फोक्सवॅगनच्या अर्जावरून इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने प्रसिद्धीची बंदी घातली. तो निबंध एक वाक्य गाळून २०१५ साली बाहेर आला. मधली दोन वर्षे मोटारीच्या मालकाला आपल्या कुलपाचा सविस्तर दोष कळण्याची सोय नव्हती.

यावर आक्षेप येतो : असले ज्ञान चोराच्या हाती पडले तर? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच संशोधकांनी आधी उत्पादकाला कळवावे, दुरुस्तीस मुदत द्यावी आणि मग प्रसिद्ध करावे, हा शिरस्ता योग्य आहे. परंतु मुदत म्हणजे कायमचे मौन नव्हे. ज्या चोराकडे पैसा आणि चिकाटी आहे, तो निबंधाची वाट पाहत बसत नाही. गुप्ततेने अंधारात राहतो तो प्रामाणिक ग्राहकच. ऑगुस्त केर्कहॉफ्स या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने १८८३ सालीच बजावले होते की, यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राखायची ती फक्त किल्ली. इतका जुना हा धडा एनएक्सपीने गिरवला नाही, कारण न गिरवण्याची किंमत तिला मोजावी लागणार नव्हती. नफा कंपनीचा, जोखीम प्रवाशाची आणि कार्डे बदलण्याचा भार वाहतूकसंस्थांवर, असा हा वाटप आहे. याला बाजाराचा न्याय म्हणायचे असेल तर म्हणा; मी म्हणणार नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? भारताने २००० साली सेमीकंडक्टर चिपच्या रचनेचे संरक्षण करणारा कायदा केला. शास्त्रीय मूल्यमापन, विश्लेषण, संशोधन किंवा अध्यापन यांपुरती रचना वापरणे हा त्याने भंग मानलेला नाही. अमेरिकेच्या १९८४ च्या कायद्यातही अशी सवलत आहे. ही तरतूद स्वागतार्ह खरी, पण ती रचनेच्या नकलेपुरती. सापडलेला दोष प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकाला अभय देण्याविषयी तो कायदा काही बोलत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून जी चिप खरेदी होईल, तिची कूटपद्धती उघड असलीच पाहिजे. विद्यापीठांना ती उलगडून तपासण्याची साधने आणि मुभा मिळाली पाहिजे. वाजवी मुदतीनंतर निष्कर्ष जाहीर करणाऱ्यावर खटल्याची टांगती तलवार असता कामा नये. वजनमापे तपासण्याचा अधिकार आपण व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. मग ज्या कुलपावर लाखोंची मिळकत आणि खासगी आयुष्य विसंबून आहे, ते तपासण्याचा हक्क तरी कारखानदाराच्या मर्जीवर का सोडावा?