खोलीतला स्टुडिओ आणि शाहिराचा शब्द



गाणे ध्वनिमुद्रित करायला मोठा स्टुडिओ लागतो आणि तो आपल्याला परवडत नाही, असे मला नेहमी ऐकवले जाते. मुलुंडच्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत मी हेच काम करतो, म्हणून दोन शब्द सांगण्याची आज्ञा संयोजकांनी केली आहे.

याच मुलुंडमध्ये शाहीर विलास घोगरे राहत होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि चारच दिवसांनी शाहिरांनी आपले जीवन संपवले. त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो, कारण आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात तो आहे. पण रात्र-रात्र जागवणारे कितीतरी गायक असे गेले की त्यांची एक ओळही मागे उरली नाही. माझे चुलते त्यांपैकीच. "पुढच्या रविवारी करू" असे मी त्यांना तीनदा म्हटले. चौथा रविवार आला नाही.

साहित्य थोडेच लागते. एक बरा माइक, तो संगणकाला जोडणारी छोटी पेटी, हेडफोन आणि घरातल्या गोधड्या. गोधडी गायकाच्या पाठीमागे टांगावी, कारण माइकचे तोंड त्याच बाजूला असते आणि भिंतीवरून परतणारा आवाज तिथूनच येतो. गायक माइकपासून वीतभर दूर असावा. पंखा बंद. (उकाड्याने जीव जातो, पण इलाज नाही.) आम्ही रात्री शेवटची लोकल गेल्यावर बसतो. गायकाला आधी सर्वांत चढी ओळ गायला सांगावी आणि तिच्यावरून माइकची पातळी ठरवावी. एकदा फाटलेला आवाज नंतर सहसा सुधारत नाही.

खरी चूक मी मिक्सिंगमध्ये केली. वस्तीतल्या एका वयस्क मावशींचे गाणे केले तेव्हा ढोलकी दणक्यात ठेवली आणि आवाजावर भरपूर एको टाकला. मी खूश होतो. मावशींनी मोबाइलवर ऐकले आणि म्हणाल्या, "ढोलकी छान वाजलीय रे बाळा. पण मी काय सांगते ते कुणाला कळायचं?"

त्या रात्री मी सगळे पुन्हा उघडले. उच्चार स्पष्ट कळतात ते साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि हार्मोनियमही तिथेच गर्दी करते. तिथे हार्मोनियम थोडी उतरवली. आवाजातली शंभर हर्ट्झखालची घरघर कापली. एको जवळजवळ काढून टाकला. ढोलकी तीच, पण मावशींच्या मागे उभी. मग मुद्दाम मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तपासले, कारण आपली माणसे ऐकतात त्याच्यावरच.

दुसऱ्यांदा ऐकताना मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुढचे गाणे म्हणायला सुरुवात केली आणि मी धावत जाऊन माइक लावला. त्यांची एकवीस गाणी झाली आहेत. एक प्रत माझ्याकडे, दुसरी त्यांच्या नातवाकडे. प्रत्येकीबरोबर गाणाऱ्याचे आणि रचणाऱ्याचे नाव लिहिले आहे.

विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या घरी असे गाणारे आजी-आजोबा असतील, तर कार्यक्रमानंतर मला भेटावे. या रविवारी खोली मोकळी आहे. जयभीम.