वही कुणाच्या ताब्यात?



अध्यक्षपदाचा मान दिलात, मी तुमची ऋणी आहे. आभाराचं एवढंच बोलून मुद्द्यावर येते, कारण वेळ थोडा आहे आणि भांडण मोठं आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून आपल्या व्यासपीठांवरून तिच्या प्राचीनतेबद्दल पुष्कळ बोललं गेलं. तिच्या उद्यावर मालकी कुणाची, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मी आज तेच विचारणार आहे. हा प्रश्न एकट्या मराठीचाही नाही. नैरोबीतला कामगार, न्यूझीलंडमधली माओरी आजी आणि पुण्यातला रिक्षावाला या तिघांपुढे तो उभा आहे. मूठभर तंत्रज्ञान कंपन्यांमुळे जगातली विषमता वाढते आहे. ती चुकून वाढत नाही, या कंपन्यांच्या धंद्याची रीतच तशी आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, "बाई, सगळं फुकट मिळतंय, मग तक्रार कसली?" फुकटाची गोष्ट आपण एकदा अनुभवली आहे. 2015 मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीनं भारतात गरिबांसाठी मोफत इंटरनेट आणलं. पुढं त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. मोफत काय होतं? कंपनीच्या अटींत बसणारी निवडक संकेतस्थळं. बाकीचं जग पैसे मोजणाऱ्यांसाठी. वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती आल्या, रस्त्यांवर फलक लागले. याच्या विरोधात देशभरातून लाखो सामान्य माणसांनी दूरसंचार नियामक 'ट्राय'ला पत्रं धाडली, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायनं असा भेदभावाचा दर आकारायला बंदी घातली. त्यावर फेसबुकच्या संचालक मंडळातल्या एका गृहस्थांनी वसाहतवादविरोधानं भारतीयांचं आर्थिक वाटोळं केलं, अशा अर्थाचं जाहीरपणे लिहिलं. नंतर ते पुसून माफी मागितली. माफी ठीक आहे, पण मनात काय आहे ते तोवर कळून चुकलं होतं. ही लढाई आपण जिंकलो होतो, हे तरुणांनी लक्षात ठेवावं. या कंपन्यांपुढे कुणाचं काही चालत नाही असं जे सांगतात, त्यांना ही तारीख सांगा.

आता नैरोबीला चला. आज ज्या बोलक्या यंत्रांचं सगळीकडे कौतुक चाललं आहे, त्यांना सभ्य भाषा आपोआप आली नाही. बलात्कार, खून, मुलांवरचे अत्याचार यांची वर्णनं कुणीतरी ओळीनं वाचून त्यांवर खुणा केल्या, तेव्हा यंत्राला काय टाळायचं ते कळलं. 'टाइम' साप्ताहिकानं जानेवारी 2023 मध्ये त्याचा हिशेब छापला. ओपनएआयच्या करारात 'सामा' या कंत्राटदाराला तासाला 12.50 डॉलर ठरले होते. केनियातल्या कामगाराच्या हातात तासाला 1.32 ते 2 डॉलर पडत होते. याच शहरात फेसबुकवरचा हिंसक मजकूर काढणारी मंडळीही बसत. त्यांतल्या 140 हून अधिक जणांना गंभीर मानसिक आघात झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. फेसबुकची मालक असलेली 'मेटा' न्यायालयात म्हणाली, आम्ही केनियातली कंपनीच नाही, आमच्यावर इथे खटला चालू शकत नाही. केनियाच्या अपील न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये ते अमान्य केलं. त्याआधी 1 मे 2023 रोजी, कामगार दिनी, दीडशेहून अधिक कामगारांनी नैरोबीत एकत्र येऊन आपली संघटना उभारण्याचा ठराव केला होता. गिरणगावात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना या ठरावाची किंमत मी समजावून सांगायला नको.

भाषेकडे येते. 2021 मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी बाईंनी फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर काढली. खोट्या मजकुराची छाननी करण्यावर जो वेळ खर्च होई, त्यातला 87 टक्के एकट्या अमेरिकेसाठी होता. रोजच्या वापरकर्त्यांत उत्तर अमेरिकेचा वाटा सुमारे दहा टक्के, आणि उरलेल्या साऱ्या जगाला 13 टक्के वेळ. कंपनीनं म्हटलं, हे आकडे अपुरे आहेत. मग पुरे आकडे तिनं मांडावेत, आम्ही वाट पाहत आहोत. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध विष पसरत होतं, तेव्हा ते रोखायला आपण पुरेसं केलं नाही, हे याच कंपनीला 2018 मध्ये कबूल करावं लागलं.

त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसं ठेचून मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आदल्या काही दिवसांत फिरत होती. मारणारे हात आपल्याच लोकांचे होते. ते पाप मी कंपनीच्या माथी मारणार नाही, आणि भटक्यांकडे संशयानं पाहण्याचा आपला रोग तर मोबाइलपेक्षा कितीतरी जुना आहे. पण एक संदेश किती जणांना पुढे ढकलता यावा, यावरची मर्यादा भारतात आणखी कडक झाली ती त्या महिन्यात, माणसं मेल्यानंतर. ती आधी का होऊ शकली नाही? ज्यांच्या वस्तीवर ही आग येणार होती, त्यांच्यापैकी कुणालाही ते नियम ठरवताना विचारलेलं नव्हतं. विषमता ती हीच. पैशाची तर आहेच, पण नियम कोण करतो आणि परिणाम कोण सोसतो, यातली ही दरी मला जास्त भयंकर वाटते.

पैशाबद्दल थोडक्यात सांगते. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेनं जगातल्या 70 बड्या डिजिटल व्यासपीठांचा हिशेब मांडला. त्यांच्या एकूण बाजारमूल्यातला 90 टक्के वाटा अमेरिका आणि चीन या दोन देशांतल्या कंपन्यांचा होता. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका मिळून एक टक्का. कराचं काय? युरोपीय आयोगाच्या तपासानुसार अ‍ॅपलच्या आयर्लंडमधल्या एका कंपनीनं 2014 मध्ये दर दहा लाख युरो नफ्यामागे 50 युरो कर भरला. सप्टेंबर 2024 मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं 13 अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश कायम केला. आम्हाला हे पैसे नकोत म्हणून आयर्लंडचं सरकार तोवर न्यायालयात भांडत होतं! आपण 2016 मध्ये ऑनलाइन जाहिरातींवर सहा टक्के कर बसवला, लोक त्याला 'गुगल टॅक्स' म्हणत. 1 एप्रिल 2025 पासून तोही गेला. कॅनडानं आपला डिजिटल कर जून 2025 मध्ये अमेरिकेच्या धमकीनंतर गुंडाळला. श्रीमंत कॅनडाची ही गत, तर घाना आणि नेपाळनं एकेकट्यानं काय करावं? म्हणून कराचे आंतरराष्ट्रीय नियम श्रीमंत देशांच्या क्लबात ठरू नयेत, संयुक्त राष्ट्रांत ठरावेत, ही आफ्रिकी देशांची मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते समजायला आपल्याला दूर जायला नको. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, यादवी संपली, भाव कोसळले, आणि कर्ज मात्र राहिलं. कर्जाची नोंद कुठे? सावकाराच्या वहीत. लिहिणारा तो, वाचणारा तो, व्याज चढवणारा तो. शेतकऱ्यानं फक्त अंगठा द्यायचा. फेड केली तर पावती नाही, कोर्टात गेलं तर एकतर्फी हुकूमनामा. दंगेखोरांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती येताच त्यांनी जाळले. चौकशी आयोगानंही ही गोष्ट नोंदवली आहे. मी दंग्याची भलामण करत नाही. त्यानंतर झालेल्या 1879 च्या कायद्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. त्या कायद्यानं न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासायचा अधिकार दिला. शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. परक्या सरकारला 1879 मध्ये जे पटलं, ते आमच्या सरकारांना आज का पटू नये?

कारण आजची वही तशीच बंद आहे. गिऱ्हाइकानं किती पैसे दिले, त्यातले कंपनीनं किती कापले, ही भाडी आपल्याला का मिळाली आणि ती का नाही, हे अ‍ॅपवर रिक्षा चालवणाऱ्याला धडपणे कळत नाही. एक दिवस आयडी बंद होतो आणि दाद मागायला समोर माणूसच नसतो. आपण सगळे न वाचता 'मान्य आहे'वर बोट ठेवतो, तो आपला अंगठा. राजस्थाननं 2023 मध्ये आणि कर्नाटकानं 2025 मध्ये अशा कामगारांसाठी कायदे केले. काम वाटणारी यंत्रणा कशी चालते हे कामगाराला सांगण्याचं बंधन कर्नाटकानं घातलं. देशातल्या पहिल्या कामगार संघटना जिथे उभ्या राहिल्या, त्या महाराष्ट्रानं यात मागे राहावं, याची मला लाज वाटते आणि ती मी इथे उघड बोलून दाखवते.

मग उपाय काय? परदेशी कंपनी हाकलून देशी अब्जाधीश आणणं हा उपाय नाही. 2020 मध्ये फेसबुकनं जिओमध्ये 43,574 कोटी रुपये घातले, गुगलनं 33,737 कोटी. त्या पंक्तीत देशी-परदेशी मांडीला मांडी लावून बसले आहेत. सगळं सरकारच्या हाती द्या, असंही मी म्हणणार नाही. अंगठा जुळला नाही म्हणून रेशन दुकानावरून परत आलेल्या म्हाताऱ्या बायकांशी आधी बोला.

पण सार्वजनिक सोयीत ताकद आहे, हे यूपीआयनं दाखवलं. भाजीवालीच्या टोपलीपाशी तो चौकोन लागला, तो बँकांच्या सामायिक संस्थेनं बांधलेल्या रस्त्यामुळे. मात्र त्या रस्त्यावरची सुमारे 80 टक्के वाहतूक आज फोनपे आणि गुगल पे या दोघांकडे आहे, आणि फोनपे अमेरिकेच्या वॉलमार्टच्या हाती आहे. एकाकडे 30 टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, हा नियम 2020 मध्ये जाहीर झाला. अंमलबजावणी पुढे ढकलत ढकलत 31 डिसेंबर 2026 वर नेली. रस्ता आपण बांधायचा आणि टोलनाके दुसऱ्यांनी बसवायचे, हे किती दिवस चालवून घ्यायचं? ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेनं नोव्हेंबर 2020 मध्ये 'पिक्स' सुरू केलं, मोठ्या बँकांना त्यात यायला भाग पाडलं. जुलै 2025 मध्ये अमेरिकेनं ब्राझीलविरुद्ध जी व्यापारी चौकशी उघडली, तिच्यात ही पैसे पाठवण्याची सरकारी सोयही गोवली. चौकशी लागली म्हणजे घाव वर्मी बसला आहे.

दुसरी वाट सहकाराची. ती या मातीतली आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला कारखाना उभा केला, तेव्हा ऊस पिकवणाराच धुराड्याचा मालक झाला. पुढं काही घराण्यांनी सहकार खिशात घातला, कितीतरी कारखाने आजारी पडून खासगी हाती गेले, हे मला ठाऊक आहे. त्यावरून सहकार मेला असं कुणी म्हणू नये. सभासदानं हिशेब विचारायचं सोडलं, तिथे तो मेला. रिक्षावाल्यांचं, घरकाम करणाऱ्या बायकांचं, घरपोच माल नेणाऱ्या पोरांचं स्वतःचं अ‍ॅप उभं राहू शकतं. त्याला पहिली काही वर्षं भांडवल लागेल. उद्योगांना सवलती देताना ज्यांचा हात आखडत नाही, त्यांनी ते द्यावं.

आणि आता आपलं घर. 2018 मध्ये न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला 'ते हिकू मीडिया' या माओरी संस्थेनं आपल्या लोकांना भाषेसाठी आवाज द्यायला सांगितलं. दहा दिवसांत 300 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमलं. त्यावर त्यांनी स्वतःचं यंत्र घडवलं, आणि हा साठा मोठ्या कंपन्यांच्या हवाली करायला नकार दिला. वापरायचा तर आमच्या परवान्यावर, माओरींच्या भल्यासाठी. माओरी बोलणारे दोनेक लाखांच्या घरात. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी 30 लाख. आपण काय केलं? वाईच्या तर्कतीर्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनतेच्या पैशातून विश्वकोश उभारला, 1976 पासून त्याचे खंड निघाले, आज तो आंतरजालावर खुला आहे. सगळ्यांसाठी खुला, म्हणजे या कंपन्यांसाठीही. आपलं ज्ञान त्यांनी फुकट उचलावं आणि आपल्यालाच विकावं. विकतानाही दर सारखा नाही. ही यंत्रं मजकुराचे तुकडे मोजून पैसे घेतात, आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. तोच आशय मराठीत महाग. अलीकडे यात सुधारणा झाली आहे, पण फरक संपलेला नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं मी एक ठराव मांडते. मराठीतल्या लेखनाचा आणि आवाजाचा साठा सार्वजनिक पैशातून व्हावा, आणि त्याची मालकी एका विश्वस्त मंडळाकडे असावी. त्या मंडळावर मंत्री नकोत, कंपन्यांचे प्रतिनिधी नकोत. लेखक, ग्रंथपाल, शिक्षक, तंत्रज्ञ आणि साठ्याला आवाज देणारी साधी माणसं हवीत. शाळा, संशोधक, छोटे उद्योग यांना तो मोफत, कंपन्यांना परवाना आणि मोबदला घेऊन. अहिराणी, कोरकू, गोंडी, कातकरी, पावरी यांच्या साठ्याचा निर्णय त्या त्या समाजानंच घ्यावा. मराठीनं त्यांच्यावर सावकारी करू नये. साठ्यावर कुणी काय बांधलं, किती कमावलं, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा आणि तो विचारायचा हक्क प्रत्येक मराठी माणसाला असावा. अ‍ॅपवर राबणाऱ्या कामगारांसाठी महाराष्ट्रानं येत्या अधिवेशनात कायदा करावा, ही मागणी त्याच ठरावाचा दुसरा भाग आहे.

नमुना मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. त्यात दुरुस्त्या सुचवणाऱ्यांनी आताच नावं द्यावीत, चर्चा दुपारच्या सत्रात होईल. संघटनेच्या लोकांनी तालुक्याची नावं लिहून सह्या कराव्यात, कारण मसुदा घेऊन मुंबईला जायचं आहे आणि एकटीनं जायचा माझा विचार नाही.